अँटेना आणि रडार मोजणीचा चेंबर : आखणीचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

चेंबर, म्हणजे भिंतींवर लहरी शोषणारा फोम (ॲब्सॉर्बर) लावून अँटेना मोजण्यासाठी केलेली खोली, उभारायचा म्हणून विचारायला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात: "आमच्याकडे वीस फूट बाय बारा फुटांची खोली रिकामी आहे, त्यात ॲब्सॉर्बर किती लागेल?" इथेच गाडी चुकीच्या रुळावर चढते. खोलीचं माप हे या हिशोबाचं उत्तर आहे, ते शेवटी निघतं. सुरुवात करायची ती कोणता अँटेना मोजायचा आणि त्याच्या पॅटर्नमधली (कोणत्या दिशेला किती प्रक्षेपण होतं त्या आलेखातली) कुठली गोष्ट कितपत चुकली तर चालेल, इथून.

खालचा सगळा क्रम मी एकाच उदाहरणावर चालवतो. बँड ८ ते १२ गिगाहर्ट्झ, अँटेना ३० सेंटिमीटरचा, गेन (सगळीकडे सारखं प्रक्षेपण करणाऱ्या अँटेनाच्या तुलनेत सिग्नल समोर किती एकवटतो ते) साधारण २९ डीबीआय, साइडलोब (बाजूला सांडणारी छोटी शिखरं) मुख्य लोबच्या, म्हणजे समोरच्या मोठ्या शिखराच्या, ३० डीबी खाली. डीबी हे गुणोत्तराचं माप, दर १० डीबीला शक्ती दहापट बदलते. तुमचे आकडे वेगळे असतील, पण टप्प्यांचा क्रम बदलू नका.

टप्पा १ : काय मोजायचं ते आधी कागदावर

हा कागद तयार झाल्याशिवाय एकाही विक्रेत्याला फोन करू नका.

१. सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी. दोन्हींचं काम वेगळं आहे. सिग्नल पाठवणारा अँटेना (सोर्स) आणि मोजायचा अँटेना यांच्यातलं अंतर वरच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतं, ॲब्सॉर्बरची जाडी खालच्या. मधली फ्रिक्वेन्सी धरून दोन्ही हिशोब उरकणं ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. त्यात अंतर वरच्या टोकाला कमी पडतं आणि ॲब्सॉर्बर खालच्या टोकाला.

२. मोठ्यात मोठा आकार. नुसत्या अँटेनाचा नाही, जे जे प्रक्षेपण करतं त्या सगळ्याचा. बोटभर अँटेना गाडीच्या टपावर बसवून मोजायचा असेल तर टपातूनही प्रवाह वाहतो, म्हणून टपाचं माप धरावं लागतं.

३. वजन, आणि ते फिरवायचं कसं. पोझिशनर (अँटेना फिरवणारं यंत्र) यावरूनच निवडला जातो.

४. मोजायची सर्वांत दुबळी गोष्ट आणि तिच्यात चालणारी चूक.

चौथा मुद्दा सगळेच गाळतात, आणि चेंबरची किंमत नेमकी त्यावर ठरते. टर्नटेबल फिरतं तेव्हा अँटेनाचा साइडलोब सोर्सकडे येतो आणि मुख्य लोब भिंतीकडे वळतो. म्हणजे खरा सिग्नल किलकिल्या दारातून आत येतो आणि भिंतीवरून उसळलेला भटका सिग्नल सताड उघड्या दारातून. समजा तुमच्या चेंबरमध्ये भटका सिग्नल थेट सिग्नलच्या ४० डीबी खाली आहे. तर चूक अशी पडते:

- मुख्य लोबवर: जेमतेम ०.०९ डीबी
- −२० डीबीच्या साइडलोबवर: ०.८ डीबी वर किंवा ०.९ खाली
- −३० डीबीच्या साइडलोबवर: २.४ डीबी वर किंवा ३.३ खाली
- −४० डीबीच्या साइडलोबवर: ६ डीबी वर, नाहीतर लोब पूर्ण गायब

चेंबर तोच आणि दिवसही तोच, तरी गेन अगदी बरोबर येतो आणि साइडलोबवर मात्र विश्वास ठेवता येत नाही. आपल्या उदाहरणात −३० च्या साइडलोबवर दोनेक डीबीची चूक चालेल असं धरू. त्यासाठी भटका सिग्नल −४३ डीबीवर हवा, मग चूक १.८ वर आणि २.२ खाली राहते. हा −४३ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्याला तो लागणार आहे.

तपासणी: कागदावर "साइडलोब अमुक डीबीचा, चूक तमुक डीबीपर्यंत" असं एक तरी वाक्य आहे का? नसेल तर टप्पा १ अजून संपलेला नाही.

टप्पा २ : अंतर काढा, मग पद्धत निवडा

फार-फील्डचं, म्हणजे लहर जवळजवळ सपाट होऊन पोचते तिथलं, नेहमीचं अंतर म्हणजे आकाराचा वर्ग गुणिले दोन, भागिले तरंगलांबी. या अंतरावर अँटेनाच्या मध्यात आणि कडेला पोचणाऱ्या लहरींत २२.५ अंशांचा फेजफरक उरतो. आपल्या उदाहरणात १२ गिगाहर्ट्झला तरंगलांबी २.५ सेंटिमीटर, म्हणून अंतर ७.२ मीटर. १० गिगाहर्ट्झ धरलं असतं तर ६ मीटर आले असते आणि वरच्या टोकाला सव्वा मीटर कमी पडलं असतं. अंतर कमी पडलं की पॅटर्नमधले खड्डे भरून येतात आणि पहिला साइडलोब मुख्य लोबच्या खांद्याला चिकटतो. बघणाऱ्याला वाटतं डिझाइन फसलं. आपण ७.५ मीटर घेऊ.

सावधान: हा नियम साध्या अँटेनासाठी आहे. साइडलोब −४० किंवा त्याहून खाली असतील तर जवळजवळ दुप्पट अंतर लागतं.

आता पद्धत. ७.५ मीटर बंद इमारतीत मावतात, म्हणून फार-फील्ड चेंबर चालेल. पण एक मीटरची डिश असती तर त्याच फ्रिक्वेन्सीला ८० मीटर लागले असते. तेव्हा तीन वाटा उरतात.

निअर-फील्ड. प्रोब (छोटा मोजणी-अँटेना) अँटेनाच्या पुढ्यात तीन ते पाच तरंगलांबींवर फिरवायचा, अर्ध्या तरंगलांबीच्या आत एकेक नमुना घ्यायचा आणि पुढचं गणितावर सोडायचं. आपल्या ३० सेंटिमीटरच्या अँटेनाला १.२ मीटर बाय १.२ मीटरचा प्लेनर स्कॅनर घेतला तर १.२५ सेंटिमीटरच्या अंतराने ९७ गुणिले ९७, म्हणजे साधारण ९,४०० बिंदू होतात, तेही दोन पोलरायझेशनला (लहरीच्या आडव्या आणि उभ्या कंपनदिशेला). प्रोब १५ सेंटिमीटरवर असेल तर पॅटर्न अक्षापासून साधारण ७० अंशांपर्यंत भरवशाचा. त्यापलीकडे जे दिसतं ते स्कॅन अर्धवट कापल्याचा परिणाम असतो, ते अहवालात घालू नका. प्रोबच्या जागेतली चूक तरंगलांबीच्या पन्नासाव्या भागात ठेवावी लागते. १२ गिगाहर्ट्झला हे झालं अर्धा मिलिमीटर, आणि साइडलोब फार खालचे असतील तर त्याच्याही निम्मं. सुरुवातीची वीस बाय बाराची खोली या पद्धतीला छान पुरते.

कॉम्पॅक्ट रेंज. मोठा ऑफसेट परवलयाकार आरसा थोड्या अंतरात सपाट लहर तयार करतो. अहमदाबादच्या इस्रोच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये अशी सोय आहे. आरशाचा पृष्ठभाग तरंगलांबीच्या शंभराव्या भागाइतका अचूक लागतो आणि वापरता येणारी जागा साधारण आरशाच्या निम्म्या आकाराची मिळते. पहिलाच चेंबर बांधणाऱ्याने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उघडं मैदान. खालच्या फ्रिक्वेन्सीला हे अजूनही उत्तम. जमिनीवरून येणारं परावर्तन टाळता येत नसेल तर ते कामाला लावायचं. सोर्सची उंची म्हणजे तरंगलांबी गुणिले अंतर, भागिले चाचणी-अँटेनाच्या उंचीची चौपट. १ गिगाहर्ट्झ, ५० मीटर अंतर आणि ५ मीटरचा मनोरा असेल तर सोर्स ७५ सेंटिमीटरवर येतो. मधली जमीन मात्र सपाट हवी, आणि पावसाळ्यात ती ओली झाली की परावर्तन बदलतं, म्हणून जूनमधला पॅटर्न आणि जानेवारीतला पॅटर्न डोळे झाकून शेजारी ठेवू नका. मोकळ्या हवेत प्रक्षेपण करायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी विंगची (फ्रिक्वेन्सी वापराचे परवाने देणाऱ्या शाखेची) परवानगी लागते. अर्ज आखणीच्या पहिल्या महिन्यातच टाका.

अंतराचा हा नियम किती निष्ठुर आहे ते आपल्या जवळच बघायला मिळतं. नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १.४ गिगाहर्ट्झला त्यातल्या एका डिशचं फार-फील्ड सुरू होतं सुमारे १९ किलोमीटरवर. एवढ्या लांब, एवढ्या उंच सोर्स बसवणार कोण? म्हणून अशा दुर्बिणींची पारख आकाशातल्या प्रखर रेडिओ स्रोतांवर केली जाते.

टप्पा ३ : आता खोलीची मापं

भटका सिग्नल मुख्यतः येतो तो दोन बाजूंच्या भिंती, जमीन आणि छत यांच्या मध्यावरून, जिथे आरशासारखं परावर्तन होतं तिथून. पिरॅमिडच्या फोमवर लहर सरळ पडली तर तो ती गिळतो, तिरपी पडली की त्याची ताकद घटते, आणि ६० अंशांच्या पुढे भराभर घटते. म्हणून तिरपेपणा ६० अंशांच्या आत ठेवायचा. त्यासाठी रुंदी, एका भिंतीच्या ॲब्सॉर्बरच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत, अंतर भागिले १.७३ एवढी हवी. ७.५ मीटरला ४.३३ मीटर.

ॲब्सॉर्बरची जाडी ३० सेंटिमीटर घेऊ. ८ गिगाहर्ट्झला ही आठ तरंगलांबी होते, सरळ पडणाऱ्या लहरीला −५० डीबी मिळायला हरकत नाही. पण बाजूच्या भिंतीसाठी तो आकडा बिनकामाचा आहे. पत्रकात ६० अंशांचा आकडा मागा. आपण −३० धरू. मग भिंतीवरून येणारा भटका सिग्नल असा निघतो:

- ॲब्सॉर्बर, ६० अंशांवर: −३०
- १५ डीबीआयचा सोर्स हॉर्न (कर्ण्यासारखा अँटेना), अक्षापासून ३० अंशांवर: −१२
- वाट लांबल्यामुळे, ७.५ ऐवजी ८.६६ मीटर: −१.२
- एकूण: साधारण −४३

आपल्याला हवा तोच आकडा आला. नसता आला तर खोली रुंद करायची किंवा हॉर्न बदलायचा. फोम जाड करून तिरप्या लहरीला फार फरक पडत नाही, पैसे मात्र पडतात.

सावधान: "मग जास्त गेनचा हॉर्न घेऊ, भिंतीवर उजेडच पडणार नाही" हा विचार अर्धाच बरोबर आहे. २० डीबीआयच्या पिरॅमिडल हॉर्नचा मुख्य लोब अरुंद असतो खरा, पण ई-प्लेनमध्ये (विद्युत क्षेत्राच्या पातळीत) त्याचे साइडलोब दहा-बारा डीबीच खाली असतात. त्यातला एक नेमका भिंतीच्या मध्यावर पडला तर आधीपेक्षा वाईट. हॉर्नचा पॅटर्न हातात घेऊन ३० अंशांचा आकडा वाचा, मगच निवडा.

आतली लांबी: ७.५, चाचणी-अँटेनामागे दीड, सोर्समागे एक, दोन्ही टोकांचा फोम ०.६. एकूण १०.६ मीटर. रुंदी आणि उंची प्रत्येकी ५ मीटर. उंचीत काटकसर करू नका. छत आणि जमीन याही भिंतीच आहेत, त्यांना वेगळा नियम नाही.

दार कुठे ठेवायचं हे याच टप्प्यात ठरतं. एका चेंबरमध्ये आम्ही दोन दिवस एका ॲरेशी (अनेक छोट्या अँटेनांच्या संचाशी) झुंजलो. उजवीकडे ३१ अंशांवरचा साइडलोब चार डीबी उचललेला, डावीकडे सगळं नीट. ॲरे बनवणाऱ्या मुलाने फीड नेटवर्क (त्या छोट्या अँटेनांना सिग्नल वाटणारं जाळं) पुन्हा काढायला घेतलंही होतं. शेवटी ॲरे एका तरंगलांबीने, म्हणजे तीन सेंटिमीटरने, आडवा सरकवला आणि तो साइडलोब जागच्या जागी खाली बसला. अँटेनाचा स्वतःचा साइडलोब असा बसत नाही. टॉर्च घेऊन उजव्या भिंतीशी गेलो. दार नेमकं भिंतीच्या मध्यावर, आणि ते उघडताना घासू नये म्हणून कडेचे पिरॅमिड कापलेले. चौकटीला बोटभर रुंदीची, माणसाच्या उंचीची पत्र्याची पट्टी उघडी होती. ३० अंशांवरची जागा म्हणजे हीच, आपण वर ज्या बिंदूचा हिशोब केला ती. दार नेहमी सोर्समागच्या कोपऱ्यात ठेवा. एसीची जाळी, दिवे, कॅमेरा, सॉकेट यांतलं काहीही चारही पृष्ठभागांच्या मधल्या दोन मीटरच्या पट्ट्यात येता कामा नये.

टप्पा ४ : सिग्नल पुरतो का

१२ गिगाहर्ट्झला ७.५ मीटरवर वाटेतला तोटा ७१.५ डीबी. सोर्स ० डीबीएम (म्हणजे १ मिलिवॅट), सोर्सकडची केबल −८, हॉर्न +१५, अँटेना +२९, रिसीव्हरकडची केबल −४. मुख्य लोबवर हाती येतात −३९.५ डीबीएम. रिसीव्हरचा नॉइझचा तळ −१०५ धरला तर −३० चा साइडलोब तळाच्या ३५ डीबी वर राहतो. हे उत्तम आहे.

आता त्याच चेंबरमध्ये ६ डीबीआयचा पॅच अँटेना ठेवा. मुख्य लोब −६२.५ वर, आणि ३० डीबी खालची गोष्ट तळाच्या जेमतेम १२ डीबी वर. पॅटर्नचा खालचा भाग गवतासारखा दिसेल. अशा वेळी अँटेनाच्या अगदी पाठीशी लो-नॉइझ ॲम्प्लिफायर बसवा. टेबलावरच्या उपकरणापाशी बसवला तर केबलमधला तोटा आधीच होऊन गेलेला असतो. मात्र मुख्य लोब समोर असताना तो ॲम्प्लिफायर दबत नाही ना, हे सोर्स १० डीबी कमी करून बघा. हातचा आकडाही बरोबर १० डीबीनेच उतरला पाहिजे.

रिसीव्हरची आयएफ बँडविड्थ (एका वेळी ऐकलेल्या फ्रिक्वेन्सींची रुंदी) दहापट कमी केली की तळ १० डीबी खाली जातो आणि वेळ दहापट लागतो. टर्नटेबल चालू असतानाच मोजत असाल तर हा वेळ कोनात उतरतो. सेकंदाला २ अंश वेग आणि ०.१ सेकंदाची मोजणी म्हणजे ०.२ अंशांचा घोळ. अँटेनाचा बीमच साधारण ६ अंशांचा आहे, तेव्हा चालतं. एका अंशाच्या बीमला चालणार नाही.

टप्पा ५ : बांधकामाचा क्रम

१. जागेची पाहणी. आठवडाभर स्पेक्ट्रम ॲनालायझर लावून बाहेरून काय येतं ते नोंदवा. शील्डिंग (बाहेरचा सिग्नल अडवणारं पत्र्याचं आवरण) किती डीबीचं घ्यायचं हे त्यावर ठरवा.

२. पोझिशनरचा पाया खोलीच्या फरशीपासून वेगळा. शेजारच्या शेडमधला प्रेस चालला की फरशी थरथरते.

३. शील्डिंगचा पत्रा, दार, हवेसाठी मधाच्या पोळ्यासारख्या जाळ्या.

४. वीज, एसी, आग-सूचना यंत्रणा. जे भोक पाडायचं ते आत्ताच, फिल्टरसकट.

५. शील्डिंगची चाचणी.

६. पोझिशनर बसवणं आणि अलाइनमेंट.

७. सगळ्यात शेवटी ॲब्सॉर्बर.

पाचव्या आणि सातव्याची अदलाबदल करू नका. कंत्राटदाराला घाई असते, फोम आलेला असतो, जागा अडलेली असते. पण फोम चिकटवल्यावर पत्र्याच्या सांध्यातली गळती सापडत नाही, आणि सापडली तरी फोम फाडल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

सावधान: हा फोम म्हणजे कार्बन भरलेलं पॉलीयुरेथेन. अग्निरोधक असला तरी पेटू शकतो, आणि जळताना हायड्रोजन सायनाइडसारखे जीवघेणे वायू सोडतो. फोम आत आल्यानंतर वेल्डिंग, ग्राइंडिंग, सोल्डरिंग सगळं बंद. धूर लवकर ओळखणारी यंत्रणा हवीच, आणि आत एकटं माणूस असताना दार बाहेरून अडकू नये. जास्त शक्तीचा ट्रान्समीटर लावणार असाल तर फोमची प्रति चौरस मीटर सहनशक्ती पत्रकातून काढून आधी हिशोब करा, कारण फोम आतून तापतो आणि बाहेरून हात लावून ते कळत नाही.

कोकणपट्टीत आणि मुंबईत आणखी एक काळजी. फोम दमट हवेत ओलावा धरतो. पावसाळ्यात चार महिने एसी फक्त कामाच्या वेळात चालवून भागत नाही, ओलावा काढणारं यंत्र रात्रंदिवस लागतं. त्याची वीज खर्चाच्या अंदाजात पहिल्यापासून धरा.

टप्पा ६ : पोझिशनर आणि अलाइनमेंट

अँटेना फिरण्याच्या अक्षावर बसला पाहिजे. तो अक्षाच्या १० सेंटिमीटर पुढे असेल तर पुढून आणि मागून मोजताना सोर्सपासूनचं अंतर बदलतं आणि ७.५ मीटरवर ०.२३ डीबीचा फरक नुसत्या त्यामुळे पडतो. मिलिमीटरभर सरकला तर १० गिगाहर्ट्झला फेज १२ अंशांनी हलतो.

सोर्स आणि अँटेनाचा अक्ष एका रेषेत आहे हे लेझरने बघा, पण लेझरवर थांबू नका. मुख्य लोबचा माथा मोजा, अँटेना स्वतःभोवती १८० अंश फिरवा, पुन्हा मोजा. दोन माथ्यांच्या कोनांमधला निम्मा फरक अँटेनाचा, आणि त्यांची सरासरी शून्यापासून जेवढी सरकलेली तेवढी चूक तुमच्या बसवणीची.

केबलची तपासणी सोपी आहे आणि कोणी करत नाही. अँटेनाकडच्या टोकाला शॉर्ट (सिग्नल पूर्ण परतवणारं टोपण) लावा, टर्नटेबल पूर्ण फिरवा आणि परावर्तनाचा फेज बघत रहा. दिसलेल्या बदलाचा निम्मा बदल तुमच्या प्रत्येक मोजणीत शिरणार आहे. जास्त वाटला तर फेज-स्थिर केबल घ्या किंवा रोटरी जॉइंट बसवा. कनेक्टर टॉर्क पान्यानेच आवळा.

पोझिशनरचा खांब स्वतः लोखंडी असतो. त्याला फोमचा अंगरखा घाला, आणि तो फिरताना घासत नाही ना ते बघा.

टप्पा ७ : रिकाम्या चेंबरची परीक्षा

कंत्राटाचे शेवटचे पैसे या टप्प्यानंतर द्यायचे, आणि तसं कंत्राटात लिहून ठेवायचं: किती आकाराचा क्वाएट झोन (अँटेना ठेवायची, भटका सिग्नल कमी असलेली जागा), कोणत्या फ्रिक्वेन्सींना, भटका सिग्नल किती, कोणत्या पद्धतीने मोजलेला. नुसतं "−५० डीबीचा चेंबर" असं लिहिलं असेल तर ते फोमचं वर्णन आहे, चेंबरचं नाही.

पद्धत: अँटेनाच्या जागी सरकत्या पट्टीवर प्रोब ठेवा आणि आडवा, उभा, पुढेमागे असा सरकवा. आडव्या-उभ्या सरकण्यात पल्ला क्वाएट झोनच्या दीडपट ठेवा, म्हणजे ४५ सेंटिमीटर. पाऊल तीनेक मिलिमीटर. खालची, मधली, वरची फ्रिक्वेन्सी, दोन्ही पोलरायझेशन. थेट आणि भटक्या सिग्नलची बेरीज-वजाबाकी होऊन आलेखावर लाटा उमटतात. शिखर ते तळ:

- १ डीबीची लाट: भटका −२५
- ०.५ डीबी: −३१
- ०.१७ डीबी: −४०
- ०.१२ डीबी: −४३

लाटेची उंची भटका सिग्नल किती ते सांगते, आणि लाटेची लांबी तो कुठून आला ते सांगते. आडव्या सरकण्यात बाजूच्या भिंतीची लाट, आपल्या ३० अंशांच्या भूमितीत, दोन तरंगलांबी लांब असते, १० गिगाहर्ट्झला ६ सेंटिमीटर. पुढेमागे सरकण्यात मागच्या भिंतीची लाट अर्ध्या तरंगलांबीची, १.५ सेंटिमीटर. ६ सेंटिमीटरची लाट दिसत असताना मागच्या भिंतीचा फोम बदलत बसलेले लोक मी पाहिले आहेत. आधी पट्टी लावून लाट मोजा.

सावधान: प्रोब म्हणून मोठा हॉर्न लावू नका. तो फक्त सोर्सकडे बघतो, बाजूच्या भिंतीकडून येणारं त्याला ऐकूच येत नाही, आणि चेंबर खोटा चांगला दिसतो. उघड्या तोंडाचं वेव्हगाइड लावा. हॉर्नच हाताशी असेल तर तो भिंतीच्या मध्याकडे वळवून पुन्हा सरकवा.

टाइम गेटिंगने (सिग्नल पोचण्याच्या वेळेवरून नको तो वगळून) भिंती पुसता येतात, पण मर्यादेत. आपल्या चेंबरमध्ये भिंतीची वाट १.१६ मीटरने जास्त आहे. ती वेगळी काढायला किमान २६० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लागते, प्रत्यक्षात त्याच्या दोन-तीन पट. अँटेनाची स्वतःची बँडविड्थ १०० मेगाहर्ट्झ असेल तर गेटिंग त्याच्या पॅटर्नलाच ओरबाडतं. म्हणून गेटिंगच्या भरवशावर फोम कमी करू नका.

टप्पा ८ : पहिला पॅटर्न आणि गेन

उपकरणं तासभर आधी चालू ठेवा. गेनसाठी स्टँडर्ड गेन हॉर्न त्याच जागी, त्याच केबलवर लावून मोजा, मग तुमचा अँटेना. दोन्हींचं पोलरायझेशन जुळलं का ते पाहा. प्रत्येक कट (एका पातळीत फिरवून घेतलेली मोजणी) संपल्यावर पुन्हा माथ्यावर या. सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यात ०.१ डीबीहून जास्त फरक असेल तर तो कट फेका.

साइडलोबचा कुठलाही आकडा अहवालात घालण्याआधी अँटेना एकदा पाव तरंगलांबी पुढे (मागच्या भिंतीसाठी) आणि एकदा एक तरंगलांबी आडवा (बाजूच्या भिंतींसाठी) सरकवून तोच कट पुन्हा घ्या. सगळे आलेख एकावर एक ठेवा. जिथे ते वेगळे होतात तिथे खोली बोलते आहे.

टप्पा ९ : रडार छेद मोजायचा असेल तर

रडार छेद म्हणजे लक्ष्य रडारला किती मोठं दिसतं ते, चौरस मीटरमध्ये. इथे सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने घटतो. १० गिगाहर्ट्झ, ७.५ मीटर, २० डीबीआयचे दोन हॉर्न, ० डीबीएम, आणि लक्ष्य ०.००१ चौरस मीटरचं, तर परत येतात सुमारे −८८ डीबीएम. दोन हॉर्नमधली थेट गळती −५० असू शकते, म्हणजे ज्याला ऐकायचं त्याच्या सुमारे सहा हजारपट मोठा आवाज कानापाशी. गळती लवकर पोचते, म्हणून गेटिंगने ती वेगळी होते. त्यासाठी ८ ते १२ हा पूर्ण बँड १० मेगाहर्ट्झच्या पावलांनी, ४०१ बिंदूंत घ्या. मग १५ मीटरपर्यंतची परावर्तनं एकमेकांवर चढत नाहीत आणि लक्ष्याचे भाग चारेक सेंटिमीटरपर्यंत वेगळे दिसतात.

क्रम असा: रिकामा चेंबर आधाराच्या खांबासकट, मग धातूचा गोळा, मग लक्ष्य, मग पुन्हा रिकामा चेंबर. रिकाम्याची मोजणी फेजसकट वजा करायची. शेवटचा रिकामा पहिल्या रिकाम्याशी जुळला नाही तर मधलं काहीही धरू नका, बहुधा तापमान सरकलेलं असतं किंवा कोणीतरी केबलला हात लावलेला असतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्याचा छेद ०.०७१ चौरस मीटर, म्हणजे −११.५ डीबीएसएम (एक चौरस मीटरच्या तुलनेत). त्यावर कॅलिब्रेशन केल्यावर दुसरं ओळखीचं लक्ष्य मोजून पडताळा. १५ सेंटिमीटर कडांचा त्रिकोणी ट्रायहेड्रल (तीन पत्र्यांचा कोपरा) १० गिगाहर्ट्झला २.४ चौरस मीटर दाखवायला हवा. आधाराला थर्मोकोलचा खांब उत्तम, पण त्याला रंग, टेप, खिळा काहीही लावू नका, आणि ओल लागलेला खांब वापरू नका.

चेंबर चालू झाल्यावर

एक साधा, दणकट अँटेना बाजूला काढा आणि त्याला कधीही दुरुस्ती किंवा बदल करू नका. एकदा तो एनएबीएल या प्रयोगशाळा-मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून मोजून आणा. मग दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी तोच अँटेना, तोच कट, त्याच तीन फ्रिक्वेन्सी. वहीत तारीख, तापमान, आर्द्रता, माथ्याचा आकडा आणि दोन्ही बाजूंच्या पहिल्या साइडलोबचे आकडे लिहा, आणि त्या महिन्यात फोमचा कुठला तुकडा हलवला, कापला किंवा परत लावला तेही त्याच पानावर लिहा.